तांब्याचं कडं, जस्ताची गोळी आणि चुकलेला शनिवार

पत्र

डॉक्टर, नमस्कार.

मी ४४ वर्षांची आहे. तासगाव तालुक्यात राहते, घरी शिवणकाम करते. चार वर्षांपूर्वी हाताची बोटं आणि मनगटं सुजली तेव्हा सांगलीच्या डॉक्टरांनी आमवाताचं (रुमॅटॉइड आर्थ्रायटिसचं) निदान केलं. अँटी-सीसीपी (आमवाताची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह आहे. दर शनिवारी मेथोट्रेक्सेटची गोळी, रोज एचसीक्यू (हायड्रॉक्सीक्लोरोक्विन) आणि फॉलिक अ‍ॅसिड चालू आहे. सकाळी तास-दीड तास कात्री धरवत नाही.

मागच्या महिन्यात पुण्याच्या दिरांनी फुल बॉडी चेकअपचं पॅकेज बुक करून दिलं. मुलगा घरी येऊन रक्त घेऊन गेला. त्यात 'मिनरल प्रोफाइल' होतं. कॉपर १७२ (लाल अक्षरात, जास्त), झिंक ५७ (लाल, कमी), सेलेनियम थोडं कमी, सीरम आयर्न ३२ (कमी). फेरिटिन ५८, ते नॉर्मल दाखवलंय. हिमोग्लोबिन ९.८, एमसीव्ही ७६, सीआरपी २६, ईएसआर ६४ (दोन्ही दाहाच्या, म्हणजे अंगातल्या सुजेच्या तपासण्या). लॅबकडून फोन आला, की शरीरात तांबं साठलंय आणि जस्त संपलंय, म्हणूनच सांधे धरतात. त्यांनी झिंकच्या ५० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल सुचवल्या, दिवसाला दोन. दिरांनी दोन बाटल्या मागवल्या पण. सासूबाई म्हणतात वातावर तांब्यासारखं औषध नाही, त्यांनी तांब्याचं कडं आणि अंगठी करून आणली. रिपोर्टात तांबं जास्त आणि हातात पण तांबं! पाण्याचा तांब्या माळ्यावर टाकू का? माझे केसही फार गळतात, ते जस्तामुळेच ना? शेजारच्या काकू सुवर्णभस्माची पुडी देणारे एक वैद्य सांगतात. मुलगी १९ वर्षांची आहे, तिचंही मिनरल प्रोफाइल आत्ताच करून घ्यावं का?

– एक वाचक

ता. क. शनिवारच्या गोळीने मळमळतं म्हणून शिवणाची गर्दी असली की कधी कधी चुकते. दुखलं की मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणते, आठवड्यातून चार-पाच होतात.

उत्तर

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रातलं सगळ्यांत महत्त्वाचं तुम्ही ताजा कलमात लिहिलंय. त्याकडे येणारच आहे. पण आधी तांबं-जस्ताचा घोळ निस्तरू, कारण त्या लाल अक्षरांनी तुमची झोप उडालेली दिसते.

रिपोर्ट खोटा नाही. आमवाताच्या रुग्णांच्या रक्तात तांबं वाढलेलं आणि जस्त, सेलेनियम, लोह कमी झालेलं दिसतं, हे डॉक्टर कित्येक दशकं पाहत आले आहेत. वेगवेगळ्या देशांतल्या रुग्णांची निरोगी माणसांशी तुलना झाली, तिथेही बहुतेक वेळा असंच चित्र निघालं. चुकलाय तो फोनवरच्या माणसाने काढलेला अर्थ. ही सगळी रक्तं आजार झाल्यावर घेतलेली आहेत, हे तो विसरला. तांबं वाढलं म्हणून सांधे सुजले, की सांधे सुजले म्हणून तांबं वाढलं, हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही. ते कळायला शरीरात काय चालतं ते बघावं लागतं.

रक्तातलं बहुतांश तांबं सेरुलोप्लाझ्मिन नावाच्या एका प्रथिनाला बांधलेलं असतं. हे प्रथिन यकृत बनवतं. शरीरात कुठेही दाह पेटला, मग तो सांध्यात असो, न्यूमोनियात असो की ऑपरेशननंतर, यकृताला निरोप जातो आणि ते काही ठरावीक प्रथिनं जास्त बनवू लागतं. सीआरपी त्यांपैकीच एक. सेरुलोप्लाझ्मिनही त्याच रांगेतलं. ते वाढलं की त्याला बांधलेलं तांबंही रक्तात वाढलेलं दिसतं. तुमचं १७२ म्हणजे तुमच्या २६ सीआरपीचाच दुसरा अवतार आहे. तांबं 'साठलं' वगैरे काही नाही. गरोदर बाईच्या रक्तातही तांबं नेहमीच्या जवळजवळ दुपटीपर्यंत जातं, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बाईचंही वाढतं, आणि त्यांचे सांधे काही धरत नाहीत.

जस्ताचं उलट होतं. दाह सुरू झाला की इंटरल्यूकिन-६ नावाचा संदेश यकृताकडे जातो, यकृताच्या पेशींवर जस्त आत ओढणारी दारं वाढतात आणि रक्तातलं जस्त पेशींत शिरतं. बाजारात गडबड सुरू झाली की दुकानदार बाहेर मांडलेला माल भराभर आत ओढून शटर खाली करतात; रस्त्यावरून पाहणाऱ्याला वाटतं, बाजार रिकामा झाला. माल दुकानातच असतो. आणि तसंही, माणसाच्या अंगात मिळून दोन-तीन ग्रॅम जस्त असतं, त्यातलं बहुतेक स्नायूंत आणि हाडांत. रक्तद्रवात असतं ते सगळं मिळून तीनेक मिलिग्रॅम, म्हणजे हजारातला एक भाग. या एका भागावरून बाकीच्या नऊशे नव्व्याण्णवांचं भविष्य सांगणं धाडसाचंच.

त्यात तुमचं रक्त घरी येऊन घेतलं. किती वाजता, नाश्त्याआधी की नंतर, हे रिपोर्टावर आहे का बघा. जेवणानंतर रक्तातलं जस्त उतरतं. नळी साधी वापरली तर रबराच्या बुचातून जस्त मिसळू शकतं, म्हणून या तपासणीला वेगळी, गडद निळ्या बुचाची नळी लागते. रक्त घेताना तांबड्या पेशी फुटल्या तर त्यांच्यातलं जस्त बाहेर येऊन आकडा फुगतो. खेड्यातून शहरातल्या लॅबपर्यंत मोटरसायकलवर गेलेल्या रक्तात यातलं काय काय झालं असेल, ते नळीलाच ठाऊक. सेलेनियमचंही जस्तासारखंच, दाहात खाली येतं. त्यावर जास्त वेळ घालवत नाही.

आता तुम्ही विचाराल, कारण कसलंही असो, जस्त कमी आहे ना, मग भरून काढायला काय हरकत? हा प्रश्न तुमच्या आधी चांगल्या चांगल्या डॉक्टरांना पडलाय. १९७६ साली अमेरिकेतल्या पीटर सिमकिन यांनी हट्टी आमवाताच्या २४ रुग्णांवर झिंक सल्फेटची चाचणी करून 'लॅन्सेट'मध्ये छापली. जस्त घेतलेल्यांची सूज आणि सकाळचा आखडलेपणा कमी झाला असं त्यांना दिसलं. मोठी खळबळ झाली. मग इतरांनी तीच गोष्ट करून पाहिली आणि तो फायदा काही पुन्हा हाती लागला नाही. सेलेनियमच्याही अशा चाचण्या झाल्या. डेन्मार्कमध्ये ऐंशीच्या दशकात सहा महिने सेलेनियम देऊन पाहिलं, रक्तातलं सेलेनियम वाढलं, सांधे होते तिथेच राहिले. म्हणून आज आमवाताच्या उपचारात जस्त किंवा सेलेनियम औषध म्हणून कोणी लिहून देत नाही. त्यांच्यात पैसा नाही म्हणून कंपन्यांनी दाबून टाकलं, असा फॉरवर्ड तुम्हाला कधीतरी येईलच. तपासून झालं, लागू पडलं नाही, इतकंच त्यात आहे.

तुमच्या दोन बाटल्यांचा धोका मात्र मला खरा वाटतो. दिवसाला ५० च्या दोन, म्हणजे १०० मिलिग्रॅम जस्त. बाईची रोजची गरज आपल्याकडच्या शिफारशीप्रमाणे सुमारे १३ मिलिग्रॅम आहे, आणि डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय रोज ४० च्या वर जाऊ नये असं मानलं जातं. महिनोन्‌महिने एवढं जस्त पोटात गेलं की आतड्याच्या पेशी एक प्रथिन बनवतात, ते तांब्याला धरून ठेवतं आणि विष्ठेवाटे बाहेर टाकतं. विल्सन्स डिसीज नावाच्या आजारात शरीरात खरोखरच तांबं साठतं. तिथे डॉक्टर जस्त देतात ते याच गुणासाठी. तुमच्या अंगात तांबं जास्त नाहीये, फक्त रक्तात फिरणारं वाढलेलं दिसतंय. तुम्ही जस्त घेत राहिलात तर हळूहळू खरीच तांब्याची कमतरता होईल. हिमोग्लोबिन उतरेल, पांढऱ्या पेशी कमी होतील, आणि फार लांबलं तर पायांना मुंग्या येऊन चालताना तोल जाईल.

आणि यातला पेच असा, की तुम्ही मेथोट्रेक्सेटवर आहात. पांढऱ्या पेशी कमी दिसल्या की कोणताही डॉक्टर आधी मेथोट्रेक्सेटवर बोट ठेवेल. तुम्ही जस्ताचं सांगायला विसरलात, कारण 'ते काय औषध थोडंच आहे, मिनरल आहे', तर तुमचं कामाचं औषध बंद होईल आणि बिनकामाचं चालू राहील. तेव्हा बाटल्या उघडल्या नसतील तर उघडू नका. उघडल्या असतील तर पुढच्या खेपेला डॉक्टरांना दाखवायला न्या. दिरांना राग येणार नाही असं सांगायचं ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सांगाल.

सासूबाईंच्या कड्याबद्दल. २०१३ साली इंग्लंडच्या यॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी आमवाताच्या ७० रुग्णांना पाळीपाळीने तांब्याचं कडं आणि चुंबकाचे पट्टे घालायला दिले. त्यात काही पट्टे मुद्दाम निकामी केलेले होते. दुखणं, सूज, औषधाची गरज, रक्तातला दाह, कशातही फरक पडला नाही. कड्यातलं तांबं कातडीतून थोडंफार झिरपेल, मनगट हिरवं होईल, पण त्याने सांधा हलत नाही की तुमचा १७२ चा आकडाही वाढत नाही. म्हणजे कडं निरुपयोगी आणि निरुपद्रवी. सासूबाईंनी प्रेमाने आणलंय, घातलंत तरी चालेल. अंगठी मात्र आजच काढा. तुमची बोटं सुजतात. एखाद्या सकाळी ती बोटात रुतून बसली तर सोनाराकडे नाही, कॅज्युअल्टीत जाऊन कापून घ्यावी लागेल.

गंमत अशी, की तांबं घालण्याचा हा उपाय घरोघरी चालू असताना डॉक्टर लोक आमवातावर तांबं काढणारं औषध देत होते. डी-पेनिसिलामाइन त्याचं नाव. १९५६ साली इंग्लंडच्या जॉन वॉल्श यांनी विल्सन्स डिसीजमधलं तांबं लघवीवाटे काढायला ते वापरलं. पुढे ते आमवातावरही चालतं असं दिसलं आणि सत्तरच्या दशकात ते सर्रास दिलं जाऊ लागलं. एकाच आजारावर एक तांबं चढवतोय आणि दुसरा उतरवतोय! औषध लागू पडायचं, पण ते तांबं कमी झाल्यामुळे, असं काही सिद्ध झालं नाही. आणि अंगावर पुरळ, लघवीतून प्रथिन जाणं, रक्तपेशी घटणं असे त्याचे त्रास पुष्कळ होते. ऐंशीच्या दशकात छोट्या डोसातल्या मेथोट्रेक्सेटच्या चाचण्या झाल्या, १९८८ मध्ये अमेरिकेत त्याला आमवातासाठी मान्यता मिळाली आणि पेनिसिलामाइन मागे पडलं.

सोन्याचीही तशीच कथा. १९२९ साली फ्रान्सच्या जाक फॉरेस्तिए यांनी सोन्याच्या क्षारांची इंजेक्शनं आमवातावर दिली. तेव्हा समज असा होता की हा आजार क्षयाचा भाऊबंद असावा, आणि क्षयावर सोनं चालतं. दोन्ही समजुती चुकीच्या निघाल्या, पण इंजेक्शनचा काही रुग्णांना खरोखर उपयोग झाला आणि पुढची पन्नासेक वर्षं ती चालली. तीही आज जवळजवळ इतिहासजमा. पण ही गोष्ट सांगून कोणी सुवर्णभस्माची पुडी विकत असेल तर लक्षात घ्या: ते पाण्यात विरघळणारं, मोजून मापून दिलेलं, दर वेळी लघवी आणि रक्त तपासून चालवलेलं औषध होतं. पुडीत काय आहे ते पुडीवर लिहिलेलं नसतं. २००४ साली बोस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक औषधांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. आपल्याकडे वातावरच्या बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं निघतं, हे तर आमच्यातला प्रत्येक जण जाणतो. दोन दिवसांत माणूस टुणटुणीत उठतो, वैद्याचं नाव होतं, आणि वर्षभराने चेहरा सुजलेला, साखर वाढलेली, हाडं ठिसूळ झालेली घेऊन आमच्याकडे येतो. आयुर्वेदाचे पदवीधर, नाव-गाव-घटक लिहून देणारे वैद्य वेगळे. काकूंचे वैद्य कागदावर लिहून देतात का, एवढं विचारून बघा.

पाण्याचा तांब्या माळ्यावर टाकू नका. रात्रभर ठेवलेल्या पाण्यात उतरतं ते तांबं जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी घातलेल्या मर्यादेच्या, म्हणजे लिटरला २ मिलिग्रॅमच्या, पुष्कळ खाली असतं. त्याने आमवात बरा होत नाही आणि वाढतही नाही. फक्त त्यात लिंबूपाणी, ताक, आमसुलाचं सार ठेवू नका. आपल्या आज्या कल्हई नसलेल्या भांड्यात आंबट ठेवू देत नसत, कळकतं म्हणून, आणि त्यांचं बरोबर होतं. तांब्याचा खरा अपाय आपल्या भागाने पाहिलेलाही आहे. लहान मुलांना यकृताचा एक जीवघेणा आजार व्हायचा, इंडियन चाइल्डहूड सिऱ्हॉसिस. बिनकल्हईच्या पितळी-तांब्याच्या भांड्यात तापवलेलं आणि ठेवलेलं दूध तान्ह्या बाळांना पाजल्याने त्यांच्या यकृतात तांबं साठत असावं, हे पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या शीला भावे, आनंद पंडित आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी स्टुअर्ट टॅनर यांनी १९८३ पासून मांडलं. भांडी स्टीलची झाली आणि तो आजार जवळजवळ दिसेनासा झाला. त्या बाळांच्या यकृतात तांबं खरंच साठलेलं होतं. तुमच्यात तसं काही नाही.

आता त्या रिपोर्टातला जो आकडा मला खरा महत्त्वाचा वाटतो, तो लॅबने काळ्या अक्षरात, 'नॉर्मल' म्हणून छापलाय. फेरिटिन ५८.

फेरिटिन म्हणजे लोहाचा साठा दाखवणारी तपासणी. पण दाह असताना फेरिटिनही वाढतं. म्हणून धडधाकट बाईचं ५८ आणि २६ सीआरपी असलेल्या बाईचं ५८ हे एक नव्हे. इतका दाह चालू असताना फेरिटिन शंभराच्या आत असेल तर लोह खरंच कमी असण्याची शक्यता धरून चालावं लागतं. तुमचा एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशीचा आकार, ७६ आहे. मेथोट्रेक्सेटने पेशी किंचित मोठ्या होतात. तरीही तुमच्या लहान आहेत. म्हणजे तुम्हाला दोन प्रकारचा अशक्तपणा (अॅनिमिया, म्हणजे हिमोग्लोबिन कमी असणं) एकत्र असावा. एक आमवाताचा: दाहामुळे यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं, ते आतड्यातून लोह आत येऊ देत नाही आणि साठ्यातलं बाहेर पडू देत नाही. असा अशक्तपणा नुसत्या लोहाच्या गोळ्यांनी हटत नाही, आजार आटोक्यात आला की हिमोग्लोबिन आपोआप वर येतं. दुसरा साधा लोहाच्या कमतरतेचा, ज्यात लोह कुठूनतरी वाहून जात असतं.

कुठून? तुमचं वय ४४. पाळी कशी आहे, तुम्ही लिहिलेलं नाही. अंगावरून जास्त जात असेल, आठ-आठ दिवस चालत असेल, गाठी पडत असतील तर 'या वयात असंच असतं' म्हणून सोडू नका, स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. आणि दुसरी जागा म्हणजे आठवड्याच्या चार-पाच डायक्लोफेनॅक. या गोळ्यांनी जठराला जखमा होतात, त्यातून थेंब थेंब रक्त जात राहतं, कित्येकदा न दुखता. पोटात जळजळतं का? शौचाला डांबरासारखं काळं होतं का? तसं झालं तर पुढच्या खेपेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टर गाठा. डायक्लोफेनॅकचा आणखी एक दोष तुमच्यासाठी मोठा आहे: ते मूत्रपिंडावर येतं, आणि मेथोट्रेक्सेट मूत्रपिंडावाटेच बाहेर पडतं. दोन्ही चालू असताना क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) अधूनमधून बघावंच लागतं. डॉक्टरांना या गोळ्यांचं ठाऊक आहे का? पत्रावरून वाटतं, नसावं.

लोहाची गोळी तुमच्या डॉक्टरांनी ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (लोहाचीच आणखी एक रक्ततपासणी) बघून ठरवावी. दिली तर रोज दोन-दोन गिळण्यापेक्षा एक दिवसाआड एक घेतलेली जास्त चांगली शोषली जाते, आणि पोटही कमी बिघडतं, हे हेप्सिडिनमुळेच. चहा, कॅल्शियम किंवा जस्ताबरोबर ती घेऊ नये. केसांचंही इथेच बोलते. मेथोट्रेक्सेटने केस विरळ होतात, लोह कमी असलं की गळतात, थायरॉइडचं बिघडलं तरी गळतात. यातलं जस्त हे शेवटून पहिलं कारण. थायरॉइडची एक तपासणी झाली नसेल तर ती मिनरल प्रोफाइलपेक्षा शंभर पट कामाची.

आता तुमचा शनिवार. लग्नसराईत ब्लाउजांचा ढीग पडला की गोळी चुकते, हे तुम्ही लिहिलंच आहे; तीन आठवडे बोटांना आराम पडला म्हणूनही चुकत असेल, असं तुम्ही लिहिलं नसलं तरी चित्र मला दिसतंय. सीआरपी २६, ईएसआर ६४, सकाळचा तास-दीड तास आखडलेपणा, हे सगळं एकच सांगतंय: आजार आटोक्यात नाही. तांबं, जस्त, सेलेनियम आणि निम्मा अशक्तपणा त्याच्या मागोमाग आलेला आहे. आणि अर्धामुर्धा घेतलेल्या औषधावर 'औषध लागू पडत नाही' हेही ठरवता येत नाही. डॉक्टर दुसरं, महागडं औषध सुरू करतील, आणि तुम्ही पहिलंच नीट घेतलेलं नसेल.

मळमळ खरी असते, मनाचे खेळ नव्हेत. कित्येकांना तर शुक्रवारी संध्याकाळी नुसती पाकिटाची आठवण झाली तरी उमळून येतं. त्यावर उपाय आहेत. गोळी रात्री जेवल्यावर घेऊन झोपावं. डोस मोठा असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याच एका दिवसात सकाळ-संध्याकाळ विभागता येतो. फॉलिक अ‍ॅसिडची मात्रा वाढवता येते. उलटीविरोधी गोळी आधी घेता येते. यातलं काही जमलं नाही तर तेच औषध इंजेक्शनने घ्या: पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली, आठवड्यातून एकदा, बारीक सुईने. सुई तुमच्या रोजच्या हातातली वस्तू आहे, तुम्ही ते आठवड्यात शिकाल. आणि शिवणाची गर्दी शनिवारी असते तर वार बदला. बुधवार धरा. शनिवारला काही मुहूर्त नाही.

वार ठरला की मात्र तोच. एखादा हुकला आणि एक-दोन दिवसांत आठवलं तर घेता येतो. त्याहून उशीर झाला तर तो सोडून द्या आणि पुढच्या वारी नेहमीचाच डोस घ्या. दोन आठवड्यांचं एकदम नाही, आणि रोज तर कधीच नाही. ही गोळी चुकून रोज घेतल्याने माणसं दगावलेली आहेत. पाकिटावर ठळक अक्षरात वार लिहून ठेवा आणि ते फॉलिक अ‍ॅसिडच्या पाकिटापासून लांब ठेवा. दोन्ही गोळ्या पिवळसर, लहान असू शकतात. पाळी अजून चालू आहे म्हणून सांगते, या औषधावर दिवस राहू देऊ नयेत. दर दोन-तीन महिन्यांनी रक्तपेशी, यकृत आणि क्रिएटिनिन तपासून घ्या. पॅकेजचे पैसे दिरांना द्यायचेच असतील तर ते इथे द्या म्हणावं.

खाण्यातून खनिजं मिळवण्याला माझा पूर्ण पाठिंबा, पण औषध म्हणून नव्हे, जेवण म्हणून. तुमच्याकडच्या जेवणात सगळं आहे. ज्वारीची भाकरी, मोड आलेली मटकी, हुलग्याचं माडगं, तिळाची किंवा कारळ्याची चटणी, शेंगदाणे, अंडी, खात असाल तर मटण. कडधान्यांत फायटेट असतं, ते जस्त आणि लोह धरून ठेवतं. मोड आणले की ते घटतं, आंबवलं की घटतं. म्हणून नुसत्या उसळीपेक्षा मोडाची बरी. वर लिंबू पिळा. चहा जेवणाला चिकटून नको, तासभर जाऊ द्या. थंडीत अळिवाचे लाडू करा, लोखंडी कढईत भाजी करा. फोन करणाऱ्या लॅबवाल्याला यातलं काहीच विकता येत नाही, म्हणून त्याने ते सांगितलं नाही.

मुलीचं मिनरल प्रोफाइल करू नका. आईला आमवात असला तर मुलीचा धोका इतरांपेक्षा काहीसा जास्त असतो हे खरं, पण बहुतेक मुलींना तो होत नाही; आणि रक्तातलं तांबं-जस्त मोजून तो आधी ओळखता येत नाही. काही त्रास नसताना आरए फॅक्टर (आमवाताची आणखी एक रक्ततपासणी) किंवा अँटी-सीसीपीही करून ठेवू नका. आरए फॅक्टर निरोगी माणसांतही कधी कधी पॉझिटिव्ह येतो, आणि मग १९ वर्षांच्या पोरीच्या मागे आयुष्यभराची धास्ती लागते. तिचं हिमोग्लोबिन मात्र बघा, या वयाच्या मुलींत ते अनेकदा कमी निघतं. पुढे कधी तिच्या बोटांचे मधले किंवा मुळाशी असलेले सांधे सुजले, सकाळी अर्ध्या तासाहून जास्त आखडू लागले आणि हे काही आठवडे टिकलं, तर तिला लगेच संधिवाततज्ज्ञांकडे न्या. तुम्हाला निदान व्हायला किती महिने गेले ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण तिच्या बाबतीत ते तीन महिन्यांच्या आत व्हायला हवं.